मधल्या पट्टीवरचे ओरखडे

“माझा ट्रक रोज सकाळी मरून पडलेला असतोय. कोन मारतंय, तेवढं शोधून द्या.”

दिघीचे हिंदुराव उंबऱ्यातूनच बोलले. चौपन्न सालच्या जानेवारीची थंडी, आणि त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. चिंचवडला उद्धवरावांच्या छोट्या खोलीत बसलेल्या अर्जुनरावांना वाटलं, माणसाला ताप आहे.

“आजही ढकलावा लागला ना?” उद्धवराव म्हणाले. “तळव्यांना लष्करी हिरवा रंग लागलाय.”

अर्जुनरावांनी मनातल्या मनात ताप मागे घेतला. पस्तीस वर्षं मुलांना शिकवून ते निवृत्त झाले होते, पण उद्धवरावांच्या शेजारी बसलं की आपणच शाळेत आहोत असं त्यांना वाटे. उद्धवरावांनी लष्कराच्या डेपोतल्या चोऱ्या शोधण्यात उमर घालवली होती. आता ते खासगी चौकशा करत.

हिंदुरावांनी सांगितलं ते असं. ट्रक लढाईतला, लिलावात घेतलेला. पिंपरीला एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथं सकाळी सातला वाळू पोचवायची. लष्करी दिव्यांचा उजेड काजव्याएवढा, म्हणून दिवाळीत दापोडीच्या ज्योतीराम मिस्त्रीकडून जुन्या मोटारीचे दोन मोठे दिवे बसवून घेतले. तेव्हापासून बॅटरी रोज उतरलेली. आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी गाडी लावीन, असं मुकादमानं बजावलं होतं.

“एक तर मिस्त्रीनं घाण केली, न्हाईतर माझा डायवर सयाजी कुणाला तरी फितूर झालाय. त्येला उद्यापास्नं येऊ नको म्हनलंय.”

“घरात कोण कोण?” उद्धवरावांनी विचारलं.

“मी अन् आई. धाकटा यशवंता तीन सालामागं न सांगता पलटणीत गेला. त्येचं नाव आमच्यात काढत न्हाईत. पत्र आलं तर तसंच माघारी धाडतो.”

“वीज? वर्तमानपत्र?”

“कंदील हाय. पेपर वाचणार कोन?”

“ट्रकापाशी माणूस नसतो असा वेळ?”

“सांच्याला सहा ते आठ मी देवळात असतो. भजन असतंय.”

टांग्यानं तिघं दिघीला पोचले तेव्हा ज्योतीराम आणि सयाजी अंगणात उभे होते. हिंदुरावांच्या आई, मंजुळाबाई, चहा घेऊन आल्या. त्यांच्या लुगड्याच्या पदराला मोहरीएवढाली भोकं होती. कसर लागली असावी, असं अर्जुनरावांना वाटलं.

“शाल पांघरा, मास्तर,” म्हातारी म्हणाली. “तरी आपल्याकडं बरं हाय. तिकडं कोरियात बरफ पडलाय अन् पोरं तंबूत ऱ्हात्यात.”

“आई, चहा दे,” हिंदुराव तुटकपणे म्हणाले.

उद्धवरावांनी आधी मिस्त्रीला गाठलं.

“साहेब, माझं काम चोख आहे,” ज्योतीराम फणकारला. “ट्रक बारा व्होल्टचा. सहा-सहाच्या दोन बॅटऱ्या, मधल्या पट्टीनं जोडलेल्या. दिवे मात्र सहा व्होल्टचे. एकेक लावला असता तर जळून गेला असता. म्हणून दोन्ही एकापाठोपाठ जोडले. बारा दोघांत वाटले जातात.”

“बघू.” उद्धवरावांनी दिवे लावायला सांगितले आणि डाव्या दिव्यातला बल्ब काढला. उजवाही विझला. ते खुशीत मान डोलवू लागले. यात खूश होण्यासारखं काय आहे, ते अर्जुनरावांना उमगेना.

मग मिस्त्रीच्या काचेच्या नळीनं दोन्ही बॅटऱ्यांतलं पाणी तपासलं. एक ठणठणीत, दुसरी पार उतरलेली.

“रोज हीच उतरते,” ज्योतीराम म्हणाला. दोन बॅटऱ्यांमधल्या शिशाच्या पट्टीवर बारीक दातांचे ताजे, चकचकीत ओरखडे होते.

सयाजी मराठवाड्यातून पोटासाठी आलेला, पस्तिशीचा, अबोल माणूस. विचारण्याआधीच तो म्हणाला, “माझीच चूक हाय, साहेब. दिवे बंद करायचं ध्यान राहत न्हाई.”

“रोज?”

“रोज.” त्याची नजर जमिनीवरून हलली नाही.

“ऐकलंत?” हिंदुराव उसळले. “कबूल झाला!”

“खोटं बोलतोय,” उद्धवराव शांतपणे म्हणाले. “बसा, हिंदुराव. मंजुळाबाई, तुम्हीही बसा.”

सगळे ओट्यावर टेकले.

“एक बल्ब काढला की दुसरा विझतो. म्हणजे मिस्त्री खरं बोलला. दिवे एकापाठोपाठ आहेत आणि दोन्ही बॅटऱ्यांचं मिळून खातात. सयाजी ते चालू ठेवून गेला असता तर दोन्ही बॅटऱ्या सारख्याच उतरल्या असत्या. उतरते एकच. दिवसा इंजिन दोघींना सारखं भरतं, पण हिच्यातून कोणीतरी रोज वेगळं काढून घेतं. मधल्या पट्टीला एक चिमटा आणि हिच्या दुसऱ्या टोकाला एक लावला, की मिळतात सहा व्होल्ट. ओरखडे त्याच चिमट्याचे.”

“सहा व्होल्टवर चालतं काय?” अर्जुनरावांनी विचारलं.

“जुन्या मोटारीतला रेडिओ. या घरात वीज नाही, पेपर नाही, पत्रं परत जातात. मग कोरियातला बर्फ इथं कळला कसा? आणि मास्तर, पदराची ती भोकं कसरीची नाहीत. बॅटरीतलं तेजाब उडालं की लुगड्याला अशीच भोकं पडतात.”

मग मंजुळाबाई उठल्या. आतून त्यांनी गोधडीत गुंडाळलेली काळी पेटी आणली.

“यशवंतानं ट्रकात बसवायला आनला हुता. जायच्या आदी मला चिमटं लावाय शिकवलं. दिवाळीच्या तोंडाला पोस्टमन म्हनला, पाकीट कोरियातनं आलंया. तवापास्नं रोज सातच्या बातम्या ऐकती. तू देवळात असतुस.”

“त्येचं नाव सांगत्यात काय त्यात?” हिंदुरावांनी विचारलं.

“न्हाई रं. पर तितल्या पोरांचं काय बरंवाईट झालं तर सांगतील की. सांगत न्हाईत, म्हंजी हाय माजं लेकरू.”

हिंदुरावांनी सयाजीकडे पाहिलं. “तुला ठावं हुतं?”

“एकदा डबा विसरलो म्हणून माघारी आलो, तर माय पेटीला कान लावून बसल्या होत्या.” सयाजी अडखळला. “माझी माय गेली तवा मी गाडीवर होतो, मालक. मला बोलवेना. डबा न घेताच गेलो.”

“या पोरावर आळ आला, ते मला कुणी बोललं न्हाई,” म्हातारी कळवळून म्हणाली.

हिंदुराव उठले. मग सयाजीला म्हणाले, “उद्या सहाला ये.” आणि आईजवळ जाऊन गोधडीची घडी उगाच सारखी करत राहिले.

त्या संध्याकाळी ते देवळात गेले नाहीत. बॅटरी उतरू नये म्हणून सयाजीनं इंजिन चालू ठेवलं. त्या घरघरीत बातम्या नीट ऐकू येईनात, म्हणून सगळे पेटीभोवती डोकी जुळवून बसले. लढाई थांबल्यावर कैद्यांवर पहारा द्यायला कोरियात गेलेल्या आपल्या फौजा लवकरच मायदेशी निघणार, असं निवेदक म्हणाला. मंजुळाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“मास्तर,” हिंदुराव अर्जुनरावांना म्हणाले, “एक पत्र लिवून द्या. मला लिवाय येत न्हाई.”

अर्जुनरावांनी खिशातून पेन काढलं.

“लिवा. आई बरी हाय. रेडिओ ट्रकात बसवायचा हाय. पर कुठली तार कुठं जोडायची, ते आमाला कळंना. तू येऊन सांग.”

“अहो, पण ज्योतीराम इथंच बसलाय की,” अर्जुनराव म्हणाले. “तो आत्ता जोडून देईल.”

ज्योतीराम छपराकडे बघू लागला. उद्धवराव हळूच म्हणाले, “मास्तर, लिहा तुम्ही.”

अर्जुनरावांनी हिंदुरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, आणि एकही शब्द न बदलता लिहून घेतलं.