समोरच्याची बाजू आधी

तो पहिल्यांदा आमच्या कचेरीत आला तेव्हा त्याच्या एका हातात आमच्या वर्तमानपत्राचं कात्रण होतं आणि दुसऱ्या हातात चप्पल. वाचकांची पत्रं छापायचं काम माझं, त्यामुळे शिव्या खायची सवय होती. पण चप्पल घेऊन आलेला हा पहिलाच. मी खुर्ची जरा मागे सरकवली.

"घाबरू नका," तो म्हणाला. "तुटलीये. आणि तुमच्यामुळे शिवून मिळत नाहीये."

तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. त्यानं लिहिलं होतं की फुटपाथ अडतो म्हणून फेरीवाले उठवायचे असतील, तर तिथे लावलेल्या मोटारीही उठवा. मोटारींना हात लावायची हिंमत नसेल, तर फेरीवाल्यांनाही लावू नका. पत्र शंभर शब्दांत बसेना, म्हणून मी मोटारी उडवल्या. छापून आलं एवढंच, की फेरीवाले उठवा. कॉलेजच्या दाराशी चपला शिवणाऱ्या काकांनी ते वाचलं आणि याची चप्पल न शिवताच परत केली.

मी त्याच्याबरोबर काकांकडे गेले, चूक कबूल केली. काकांनी चप्पल शिवता शिवता मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "म्हणजे कात्री हिची होती तर." त्या दिवसापासून तो मला कात्रीच म्हणायला लागला. मी त्याला मास्तर म्हणायचे.

मग कचेरी सुटली की कोपऱ्यावरच्या टपरीत चहा, आणि चहाबरोबर भांडण... भिकाऱ्याला पैसे द्यावेत का, संपात रुग्णालय बंद ठेवावं का, काहीही चालायचं. पण मास्तरचा एक नियम होता. समोरच्याची बाजू आधी आपण मांडायची, तीही इतकी नीट, की त्यानं "हो, हेच" म्हटलं पाहिजे. आपली बाजू त्यानंतर.

माझ्या बाबांना दिसत नाही. सगळे पुढारी चोर, मत कशाला द्यायचं, हा त्यांचा हेका. मास्तरनं त्यांच्यासमोर बसून त्यांचंच म्हणणं इतकं छान मांडलं की बाबा खूश झाले. मग यानं हळूच विचारलं, "सगळे सारखेच, तर तुम्ही एकाच्याच नावानं का खडे फोडता?" बाबा पोट धरून हसले आणि मतदानाला आले. त्या रांगेत मास्तर वाकून त्यांच्या कानात म्हणाला, "आता पायरी आहे, बाबा." मी त्याच पायरीवर त्याच्या प्रेमात पडले. त्यानं वळून पाहिलं, मी उगाच ओढणी नीट केली.

पुढे त्याला दूरच्या शहरातून बोलावणं आलं. कायमची नोकरी. सात वर्षं तो हंगामी म्हणून राबत होता. टपरीत दोन चहा समोर ठेवून तो म्हणाला, "बोल, कात्री." नियमाप्रमाणे मी त्याची बाजू मांडली. सात वर्षं, दर जूनमध्ये नोकरीची धाकधूक, तिथलं मोठं ग्रंथालय, शिकवायला मिळणारी हुशार मुलं. काही म्हणता काही सोडलं नाही.

"हो, हेच," तो अगदी हळू म्हणाला.

मग त्यानं माझी मांडली. बाबांना घरापासून कोपऱ्यापर्यंतची पावलं पाठ आहेत, नवीन शहरात ते पुन्हा आंधळे होतील, आणि त्यांना सोडून मी सुखानं जेवू शकणार नाही.

"हो, हेच," मी म्हणाले.

आता आपापली बाजू सांगायची होती. त्याचं बोट माझ्या मनगटापर्यंत आलं—आणि त्यानं ग्लास सरळ केला. "तुझं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "आता काय उरलंय बोलायला?" आपण किती समंजसपणे वेगळे झालो, याचा मला चक्क अभिमान वाटला. तो गेला.

दीड वर्षानं माझी चप्पल तुटली. काकांनी टाका घालता घालता मास्तरची चौकशी केली. मला माहीत नाही म्हटल्यावर ते थांबले.

"जायच्या आधी आले होते इथे," ते म्हणाले. "म्हटलं, मास्तर, तुम्हाला जायचंय का? म्हणाले, मला कुठे जायचंय, काका... पण तिनं माझी बाजू इतकी छान मांडली, आता नाही कसं म्हणू?"

मी एका पायात चप्पल घालून तशीच कचेरीत परत आले आणि त्याला फोन लावला.

"कात्री," तो म्हणाला. आवाज तोच. मग, "आधी मी सांगतो. गेल्या आठवड्यात माझं लग्न ठरलं. मी हो म्हटलंय तिला."

आणि मी काय करावं? मी तिची बाजू मांडली. तिनं घरी, मैत्रिणींना सांगितलं असेल, म्हटलं. तिनं तुझ्या शब्दावर विश्वास ठेवलाय, आणि तिचा काडीचा दोष नाही. तू मागे फिरलास तर चारचौघांत तिला तोंड दाखवता येणार नाही.

पलीकडे त्यानं दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं.

"हो, हेच," तो म्हणाला. मग अगदी हळू, "आता तुझी. सांग ना... मी ऐकतोय."

तो खरंच थांबला होता. माझं त्याच्यावर प्रेम होतं, आहे, आणि ते जाणार नाही. मला तो हवा होता, बाबांसकट, पायऱ्यांसकट, कुठल्याही शहरात. नऊ वर्षं मी लोकांची पत्रं शंभर शब्दांत बसवत आले. माझी बाजू दोनच शब्दांत बसली.

"सुखी राहा," मी म्हणाले. मग समोरचं पत्र पुढे ओढलं आणि कापायला बसले.