चावी फिरवायची न्हाई

पहिल्यांदा तो माझ्या दुकानात आला तो पाणी मागायला.

"पाणी शेजारच्या हॉटेलात," मी म्हटलं. "इथं ऑइल, ग्रीस आन् गाडीचा युरिया मिळतो."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तर मग... युरियाच द्या."

घ्या! तहानलेल्या माणसाला मी युरियाचा भला मोठा कॅन विकला.

हा शेतात टाकायचा युरिया नव्हे बरं का. नव्या डिझेल गाड्यांचा धूर साफ व्हावा म्हणून वेगळ्या टाकीत ओततात ते पाण्यासारखं औषध. विकताना बाबा प्रत्येकाला बजावायचे. बाबा गेले, दुकान माझ्याकडं आलं, आन् बजावणंही.

"निळ्या झाकणाच्या टाकीत ओता. डिझेलच्या टाकीत थेंब जाऊ देऊ नका. चुकून गेलंच, तर चावी फिरवायची न्हाई. चावी फिरवली की ते पंपात शिरतं, त्याचे खडे धरतात, पंप बाद, नोझल बाद. मग बसा बोंबलत."

"पुन्यांदा सांगा," तो म्हणाला.

"काहून? ऐकू येत न्हाई?"

"अर्धंच ऐकलं. अर्ध्या टायमाला... तुमच्याकडं बघून राहिलो होतो."

असा राग आला म्हणता! पण पुन्हा सांगितलं. सगळं. सावकाश.

त्याचं नाव हरीश. गाव शिरड शहापूर. घरी तो आणि म्हातारा बाप, आणि लोकांची हळद मार्केटला न्यायला एक टेम्पो. त्या थंडीत तो वारंवार येऊ लागला. एक कॅन किती दिवस पुरतो हे मला ठाऊक नाही होय? मी विचारलंच, "तुमची गाडी युरिया पिऊन राहिली, का त्यानं आंघोळ करून राहिली?"

"लई तहान हाय तिला," तो खाली बघत म्हणाला. "मालकावर गेली."

तो गेला की काउंटरवर त्याच्या बोटांची हळद उमटलेली असायची. मी ती पुसायची नाही. उगंच खोटं कशाला बोलू?

आमचं दुकान वारंगा फाट्यावर. माणसांना तोटा नाही. पण फाटा तो फाटाच, इथं कुणी येत नाही, सगळे इथून जातात. कुणी नांदेडला, कुणी हिंगोलीला. मला विचारतात काय, तर "बस गेली का?" दिवसभर गर्दीत बसायचं, आणि शटर ओढताना ध्यानात यायचं की आज आपल्याला 'कशी हायेस' म्हणून कुणी विचारलंच नाही. घरी आईचा एकच विषय, लग्न. स्थळं येतात, पोहे खातात, आणि तीही जातात.

म्हणून हरीशवर भरवसा ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं. तोही वाटसरूच की. एकदा म्हणाला, "ही गाडी बसली ना, तर मला पुण्यालाच जावं लागंल. मेव्हणा बोलावून राहिला कंपनीत. गाडी हाय म्हणून मी हितं हाय." मी "जावा की मग" म्हटलं आणि उगाच ग्रीसचे डबे सारखे करत बसले.

त्यानंतर तो आलाच नाही. एक आठवडा, दुसरा आठवडा. काउंटरवरची हळदही आपोआप उडून गेली. मी मनाशी म्हटलं, साधना, झालं ते बरं झालं. पण प्रत्येक टेम्पोच्या हॉर्नला मान वर व्हायची. मेली ही मान!

आणि एका सकाळी फोन वाजला.

"साधनाबाई... हरीश बोलून राहिलो. बापानं टाकीत युरिया ओतला. डिझेलच्या टाकीत."

"चावी फिरवली?"

"हातात हाय. खाली कॅन दिसला रिकामा, आन् तुमचं बोलणं आठवलं..."

"फिरवू नको! हरीश, हात लावू नको तिला! उतर खाली! मी येते."

अहो-जाहो कुठं गेलं कोण जाणे. मी दुकानाला कुलूप लावलं आणि शेजारच्या ओमप्रकाशकाका मेकॅनिकला हाताला धरून फाट्यावरच्या भाड्याच्या जीपमध्ये बसवलं. वाटभर एकच धास्ती. त्यानं चावी फिरवली तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर तो गेला.

शिरडला पोचलो तर हरीश अंगणात, चावी मुठीत घट्ट धरून बसलेला. काकांनी टाकी उतरवली. संतरामबापू, म्हणजे त्याचे वडील, रडकुंडीला आलेले. "बाई, पोरगं आजारातून उठलं. पंधरा दिवस तापानं पडलं होतं. म्हणलं, आपण टाकी भरून ठेवावी. आमच्या घरी डिझेल कॅनातच असतंय. आन् तपकिरीनं माझं नाक मेलंय, वास कळंना."

"पण घरात भरलेला कॅन कसा उरला, बापू?"

त्यांनी गोठ्याकडं बोट केलं. कडब्याशेजारी ओळीनं कॅन मांडलेले. सगळे माझ्या दुकानाचे. सगळे सीलबंद.

"सस्ता मिळतो म्हणून आणतो, म्हणला," बापू म्हणाले.

मी हरीशकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता, कानापर्यंत लाल झालेला.

"वाचली गाडी," टाकीखालून काका ओरडले. "पंपात गेलं न्हाई. टाकी, पाइप धुवायला चार दिवस लागतील."

मला तिथंच रडू आलं. बापूंना वाटलं, गाडीसाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात होते. एसटी थांबली, माणसं उतरली, आपापल्या वाटेला पांगली. एक जण तेवढा उभा राहिला. हरीश. पायी चालत माझ्या काउंटरशी आला.

"काय देऊ?" मी विचारलं. "गाडी तर खोललेली हाय. युरिया लागायचा न्हाई."

"न्हाई लागत."

"मग पुढं कुठं निघालात? हिंगोली का नांदेड?"

"कुठंच न्हाई." त्यानं बाकडं ओढलं आणि बसला. "हितंच आलो. तुमी... तू कशी हायेस?"

बाहेर बस सुटली. तो गेला नाही.