‘घोडकाठ’ची पहिली आवृत्ती

भादवा सरत आला होता, तरी पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. घोडेगावच्या स्टँडवर दिशा सकाळपासून डिंभ्याच्या एसटीची वाट बघत होती. वरून पत्रा गळत होता. खिडकीत विचारलं, तर आतून उत्तर आलं, "आली तर येईल, ताई." एवढ्या भरवशावर माणसानं किती बसायचं? ती उठली, ओढणी डोक्यावरून घेतली आणि चालायला लागली.

टोमॅटोचे रिकामे क्रेट भरलेली एक पिकअप तिच्या पुढं जाऊन थांबली. एका तरुणानं काच खाली केली.

"कुठवर?"

"डिंभ्याला."

"मी पण तिकडंच चाललोय. बसा."

दिशानं आधी गाडीचा नंबर मोबाईलमध्ये टिपला, मैत्रिणीला धाडला, आणि मगच दार उघडलं. त्यानं ते बघितलं आणि गालात हसला.

"माझा फोटो पण पाठवा की. नुसत्या नंबरानं माणूस कळत नाय."

"फोटोला कोरे कपडे घालून यावं लागतं," ती म्हणाली. "जुन्नरला स्टुडिओत कामाला आहे मी. चिखलाचे फोटो काढत नाही."

त्यानं आपल्या गुडघ्यापर्यंत उडालेल्या चिखलाकडं बघितलं आणि निमूट गिअर टाकला. त्याचं नाव सुदर्शन. घर शिनोलीला. रोज नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोचवायचा.

शिनोली मागं पडली, तरी गाडी थांबली नाही. "तुमचं गाव गेलं," दिशा म्हणाली.

"मला पण डिंभ्यातच काम हाय. तुमचं कुणाकडं?"

"लंकाबाई म्हणून एक आजी आहेत. त्यांच्याकडं एक पुस्तक आहे..."

गाडीचा वेग एकदम कमी झाला. वायपर तेवढे काचेवर खरखरत राहिले.

"‘घोडकाठ’?" त्यानं विचारलं. "पहिली आवृत्ती?"

दिशा वळून त्याच्याकडं बघतच राहिली. या नावाचं एक पुस्तक आहे हे ठाऊक असलेला माणूस तिला आजवर जुन्नरात भेटला नव्हता, आणि इथं तो क्रेट वाहत होता.

दिशाला फोटोंच्या पुस्तकांचा नाद होता. तिचं घर जुन्नरजवळच्या मढ गावचं, मेंढरांमागं फिरलेल्या माणसांचं. आजा म्हस्कू अजून थोडी मेंढरं राखून होता. पहिल्या पगारातून तिनं रद्दीवाल्याकडून घाटातल्या मेंढपाळांच्या फोटोंचं एक जुनं पुस्तक घेतलं, आणि तिथून जे वेड लागलं ते लागलं. कोणतं पुस्तक कधी छापलं, कुठल्या छपाईत काळा रंग मखमलीसारखा उतरला आणि कुठल्या छपाईत काजळी झाली, हे ती बोटानं पान चाचपून सांगायची. ‘घोडकाठ’मध्ये घोड नदीच्या काठावरच्या, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाचे शेवटचे फोटो होते. दुसरी आवृत्ती तिच्याकडं होती, पण ती पातळ कागदाची, अर्धे फोटो गाळलेली. पहिली कुठंच मिळत नव्हती. मग गेल्या महिन्यात एक बाई त्याच पुस्तकातलं फाडलेलं पान घेऊन स्टुडिओत आली. चौकट करायची म्हणाली. कुणी फाडलं हे, म्हणून दिशाचा जीव कळवळला. बाईनं लंकाबाईंचं नाव सांगितलं.

"मला ते विकत घ्यायचंय," दिशा म्हणाली.

"मला पण."

"मग मला आधी उतरवा. तुम्ही मागून या."

"गाडी माझी, आणि मी मागून येऊ?" तो हसला. पण हसू लगेच विझलं, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

लंकाबाईंनी दोघांना ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि पुस्तक आणलं. दिशानं अलगद उघडलं. नुसते पुठ्ठे होते. मध्ये मोजकी पानं उरलेली, बाकी शिवणीपाशी फाडलेल्या कडा.

"गाव पाण्यात गेलं, माणसं चहूकडं पांगली," लंकाबाई म्हणाल्या. "कुणाकडं कुणाचा फोटू न्हाई. मग कुणी वारलं का घरची मानसं माझ्याकडं यायची. आजे, तेवढं आमच्या म्हाताऱ्याचं पान दे. न्हाई कसं म्हनू? फाडून द्यायची. आता त्या त्या घरात भितीवर हायेत समदी."

दिशानं ते पुठ्ठे अलगद मिटले. विकत घ्यायची भाषा तोंडातच राहिली.

सुदर्शन मात्र पुढं सरकला. "आजी, नदीच्या घाटावर हंडा घेतलेली एक मुलगी व्हती बघा त्याच्यात. साळुबाईची लेक."

लंकाबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं. "तू कोन रं?"

"तिचा मुलगा."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मग सांगितलं. सुदर्शनची आई गेली तेव्हा तो अजून चालायला शिकत होता. साळुबाई त्याच दिवशी येऊन पान घेऊन गेली होती. "मला वाटलं, तुझ्यासाठी न्हेतीय. पर तिनं ते लेकीच्या उरावर ठिवलं, सरनावर. म्हनली, गाव गेलं, लेक गेली, आता कागुद ठिवून काय करू..."

परतताना घोडेगाव जवळ आल्यावर तो म्हणाला, "दुसरी आई आली तेव्हा आईच्या लग्नातले फोटो घरातून गेले. कुठं गेले, कुणी सांगत नाय. साळुबाई आजी मरताना म्हणाली, तुझी आई ‘घोडकाठ’ पुस्तकात हाय, घाटावर हंडा घेतलेली. तेवढंच ठाऊक व्हतं."

"पहिल्या आवृत्तीच्या आणखी प्रती असतील," दिशा म्हणाली. "आपण शोधू."

‘आपण’ हा शब्द तिच्या तोंडून कसा निघाला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

पुढं थंडी सुरू झाली. बाजार आटोपला की सुदर्शन जुन्नरला यायचा, स्टुडिओसमोर पिकअप लावायचा. मग दोघं रद्दीची दुकानं धुंडाळायची. जुन्नर झालं, मंचर झालं, बंद पडलेल्या वाचनालयांची कपाटं झाली. दुकानातल्या धुळीनं दिशाला शिंका यायच्या आणि तो न बोलता रुमाल पुढं करायचा. आधी ‘तुम्ही’ होतं, त्याचं ‘तू’ कधी झालं कुणी ध्यानात ठेवलं नाही.

"तुला पुस्तक मिळालं की तू यायचा बंद होशील," एकदा ती म्हणाली. डोळे मात्र हातातल्या पानावर होते.

"पुस्तक मिळू दे," तो म्हणाला. "मग तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार की."

"नाय... आईला एकदा बघतो. मग विचारतो."

ती त्याच्याकडं न बघता हसली. पण त्या संध्याकाळी मढच्या गाडीत तिला रडू आलं. त्याचा बाप शिनोलीचा मोठा जमीनदार माणूस, मानपान बघणारा. धनगराच्या घरची पोर तो सून म्हणून उंबऱ्यातून आत घेईल का? आणि म्हस्कूआजा तरी नातीला परक्या जातीत देईल का? विचारून होणार काय होतं...

पुस्तक सापडलं ते माघात. नारायणगावला सावळेराम नावाचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. त्यांच्या कपाटात ‘घोडकाठ’ची पहिली आवृत्ती होती, कोरी, पुठ्ठ्यावर सुती कापड असलेली. विकायला ते तयार नव्हते. "तुमच्याकडलं तसंच काही असेल तर बदल्यात देईन," म्हणाले. त्यांनी दिशाकडचं मेंढपाळांचं पुस्तक मागितलं. तिनं एक दिवस मागून घेतला, रात्रभर ते पुस्तक उशाशी ठेवलं, आणि सकाळी नेऊन दिलं.

सुदर्शनला तिनं सांगितलं नव्हतं. आधी आपण बघू, मग त्याच्या हातात ठेवू, असं ठरवलं होतं. स्टुडिओच्या मागच्या खोलीत तिनं पानं उलटली. गावची वेस, मारुतीचं देऊळ, बैलगाड्या, आणि मग नदीचा घाट.

घाटाची पायरी न् पायरी लख्ख होती. पाण्यावरचं ऊन होतं. परकराची किनार, हंड्यावरचे पोचे, ओल्या दगडावरचे पावलांचे ठसे, सगळं दिसत होतं. पण कॅमेऱ्याची कळ दाबली त्याच क्षणी मुलीनं मान वळवली होती. चेहऱ्याच्या जागी एक फिकट फराटा तेवढा उरला होता.

दिशानं पुस्तक मिटलं. ते कपाटात सगळ्यांत खाली, जुन्या फिल्मच्या डब्यांमागं ठेवलं.

त्यानंतर सुदर्शन येतच राहिला. नवा पत्ता सापडला, आळेफाट्याला कुणाकडं तरी पेटीभर पुस्तकं आहेत म्हणे, असं उमेदीनं सांगायचा. ती "बघू" म्हणायची. शिंका आली तरी रुमाल घ्यायची नाही. शेवटी एका दुपारी त्यानं विचारलंच.

"घरी स्थळ आलंय का तुला?"

"नाही."

"मग माझं काही चुकलं?"

त्याचा आवाज इतका खाली गेला होता की दिशाला पुढं खोटं बोलवेना. ती उठली, डबे बाजूला केले, आणि पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं. पान उघडून दिलं नाही. त्याचं त्यानंच शोधलं.

तो कितीतरी वेळ बघत राहिला. बोट चेहऱ्यापाशी नेलं, पण टेकवलं नाही. मग पुस्तक उचललं आणि बाहेर पडला. पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि वळणापलीकडं तोही गेला.

दिवस गेले. स्टुडिओसमोरची जागा रिकामी राहिली. दिशानं फोन लावला नाही. कोणत्या तोंडानं लावायचा? आपण लपवलं नसतं तर... आणि दिलंच नसतं तर? दोन्हीकडून मन तिलाच टोचत होतं.

होळी होऊन गेल्यावर एका दुपारी तो आला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. दारातच उभा राहिला.

"डिंभ्याला गेलो व्हतो, लंकाबाईंकडं. त्यांना दाखवलं. म्हणाल्या, तुझी आई व्हतीच तशी. कुणी हाक मारली की आधी मान वळवायची."

दिशानं त्याच्यासाठी स्टूल पुढं ओढलं.

"मला राग आला तुझा," तो म्हणाला. "तोंड दिसलं नाय, त्याचा नाय आला. तू माझ्या आईला माझ्याआधी बघितलंस, आणि एवढे दिवस एकटीनं ते दुःख वागवलंस. मला सांगितलं नाय."

"तू आशेवर होतास. ती माझ्या हातानं मोडवेना."

"मोडायचीच व्हती कधीतरी." तो आत आला आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला. "पुस्तकावर सावळेराम सरांचं नाव व्हतं. त्यांनी सांगितलं, तू काय देऊन आणलंस ते. ते परत मागायला गेलो व्हतो. नाय देत म्हणाले."

"कशाला गेलास?"

"तुझं व्हतं ते."

बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, भिंतीवरच्या फोटोंच्या चौकटी थरथरल्या. मग तो हळूच म्हणाला, "तुला एक विचारायचं म्हणालो व्हतो. आईला बघून विचारीन म्हणालो व्हतो... आता यापेक्षा जास्त ती दिसायची नाय. दिशा, माझ्याशी लग्न करशील?"

"तुझे वडील नाही म्हणतील."

"म्हणतील."

"माझा आजा काठी घेऊन उठेल."

"उठू दे. मी त्यांच्याजवळ बसेन. रोज बसेन. पण सोपं जाईल असं मी म्हणत नाय. लई दिवस लागतील. कदाचित कुणी दारात उभं पण करणार नाय."

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो आशा दाखवत नव्हता, गोड बोलत नव्हता. जे होणार होतं तेच सांगत होता. तिला वाटलं, एवढं खरं आपल्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

"आजा दुपारी मेंढरं घेऊन ओढ्याला असतो," ती म्हणाली. "त्याला घरात गाठायचं नाही, रानात गाठायचं. रविवारी ये. मी बरोबर असेन."