सहा मिनिटांची टाकी

सन १९७४. त्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात अशी थंडी पडली होती की उभ्या गाड्यांची चाकं रात्रभरात खालून चपटी होत आणि सकाळी पहिला अर्धा मैल गाडी उड्या मारत चाले. त्या थंडीत हेल्मी राउतिओ मात्र लग्न ठरलेल्या मुलीसारखी घरभर भिरभिरत होती. तिला रंगाच्या बंदुकीला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर घ्यायचा होता.

हेल्मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची. गावातल्या गाड्या रंगवायच्या दुकानात तिनं अठरा वर्षं पत्रे घासले, काचांना कागद चिकटवले. रंगाची बंदूक हातात यायची ती मालक जेवायला गेला की, चोरून. मग एके दिवशी अग्निशमन दलाचा प्रमुख सुलो लाम्पी याच्यासमोर ती बोलून गेली, की तुमचा अडतीस सालचा बंब मी तुमच्या बापालाही ओळखू येणार नाही असा रंगवीन. सुलोनं बंबाचं बॉनेट काढून तिच्या गॅरेजात आणून टाकलं. ईस्टरपर्यंत त्यात माझ्या मिशा दिसल्या तर सगळा बंब रंगवायला तुझा, नाही दिसल्या तर तो जाईल डलूथ शहरातल्या रंगाऱ्याकडं, असं म्हणाला. हेल्मीनं त्याच दिवशी नोकरी सोडली. आता मागं फिरायला वाट नव्हती.

पुढचे तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅटलॉगच कॅटलॉग. तिचा नवरा आर्वो खाणीतून यायचा आणि ताट गुडघ्यावर घेऊन जेवायचा. चाकांवरचे छोटे कॉम्प्रेसर तिनं केव्हाच बाद केले होते. ते सायकलीत हवा भरायला ठीक. एकाची मोटर दांडगी होती, पण टाकी तांब्याएवढी. असलं यंत्र सारखं चालत राहतं, तापतं, गरम हवेतून पाणी येतं, आणि पाण्याचा एक थेंब रंगात पडला की चकचकीत पत्र्यावर माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा उमटतो. तिला हवी होती साठ गॅलनची उभी टाकी आणि वर दोन सिलिंडरचा पंप.

"लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली नव्हतीस," आर्वो म्हणाला.

"तेव्हा दुकानात एकच माल होता."

तसा कॉम्प्रेसर सापडला तो अ‍ॅक्सेल नीगार्ड या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये. बोटी दुरुस्त करायचं काम बंद करून तो मुलीकडं राहायला निघाला होता. जुना कॉम्प्रेसर पारखायची रीत हेल्मीला पाठ होती: टाकी रिकामी करायची, चालू करायचा आणि दाबाचा काटा शंभर पौंडांवर पोचेपर्यंत घड्याळ बघायचं. त्या पंपाला त्या टाकीसाठी सहा मिनिटं लागायला हवीत. जास्त लागली तर पंप म्हातारा झाला.

पाच मिनिटं दहा सेकंद लागली.

हेल्मीचे डोळे लकाकले. अ‍ॅक्सेल मात्र घड्याळाकडं न बघता म्हणाला, "नवा होता तेव्हा सहा लागायची."

"बघ," हेल्मी आर्वोला म्हणाली, "काही गोष्टी वयानं सुधारतात."

टाकीच्या तळाला पाणी सोडायचं बूच असतं. रोज काम संपलं की ते उघडायचं. या टाकीचं बूच डाग देऊन बंद केलेलं होतं. अ‍ॅक्सेलनं ते दोनदा सांगितलं: वरची हवा खुशाल सोडा, खालून उघडू नका. का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि आनंदाच्या भरात हेल्मीनं विचारलंही नाही.

गॅरेजात कॉम्प्रेसर बसला. हेल्मी सकाळी लोखंडी शेगडी पेटवायची. गॅरेज रंगाजोगं गरम व्हायला चाळीस मिनिटं लागत. तोवर ती टाकी भरायची आणि वेळ खडूनं दारावर लिहायची. पाच मिनिटं दोन सेकंद. चार पन्नास. चार एकतीस. पहिले काही दिवस तिला हर्ष मावेना. मग एका सकाळी खडू हातात घेऊन तिनं दारावरचे आकडे पुन्हा वरपासून वाचले.

पंप जोरात चालू लागला नव्हता. भरायची जागाच कमी होत होती.

त्याच आठवड्यात बॉनेटवर शेवटचा हात चढवताना अर्ध्यावर हवा संपली. बंदूक थुंकली आणि लाल पत्र्यावर फोड उठले. हेल्मीनं सगळं पुन्हा घासून काढलं. ईस्टरला नऊ दिवस उरले होते.

टाकीत पाणी साठलंय, दुसरं काय असणार, असं आर्वोचं म्हणणं. त्यानं हातोडीनं टाकी वरपासून खालपर्यंत ठोकली. सगळीकडं पोकळ, घंटेसारखा आवाज. दोघांनी ती सोडवून धान्याच्या दुकानातल्या काट्यावर नेली. टाकीच्या पाटीवर छापलं होतं तेवढंच वजन, छटाकभरही जास्त नाही.

परत आणून बसवल्यावर हेल्मीनं वरची हवा सोडली. काटा शून्यावर आला. मग ती खाली बसली आणि तिनं डाग कापून बूच फिरवलं.

चमचाभर तांबूस पाणी आलं. आणि त्यामागून हवा.

"काटा शून्यावर आहे ना?" तिनं विचारलं.

"शून्यावरच आहे."

हवा येत राहिली. जोरात नाही, एका संथ लयीत. हेल्मीनं तळहात धरला. बाहेर पाणी गोठत होतं, टाकीचा पत्राही गार होता, पण ही हवा कोमट होती.

कॉफीची वेळ झाली. हवा येतच होती.

आर्वो दाराकडं गेला. "मी दार उघडतो."

"नको. ऊब जाईल."

"हेल्मी, उघडू दे."

"आज रंग नाही लावला तर ईस्टरपर्यंत सुकणार नाही आणि बंब गेला, आर्वो. दार लावलेलंच राहू दे."

जमिनीवर घासलेल्या रंगाची धूळ होती. ती बुचापासून हळूहळू सरकत गेली, शेगडीला वळसा घालून कोपऱ्यापर्यंत, आणि तिथं थांबली.

दुपारी बारा वाजता हवेचा आवाज बंद झाला.

हेल्मीनं नवं बूच बसवलं, कॉम्प्रेसर चालू केला, घड्याळ धरलं.

बरोबर सहा मिनिटं.

ती खदखदून हसली. आर्वोही हसला, पण तो कोपऱ्याकडं पाठ करून उभा राहिला नाही. त्याच दुपारी तिनं रंग लावला, एका दमात, एकही फोड न येता. ईस्टरच्या आदल्या दिवशी सुलो लाम्पी आला, बॉनेटवर वाकला आणि त्यानं आपल्या मिशा पिळल्या. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत तो बंब असा झळकत गेला की पोरं त्यात तोंड बघून वेडावून दाखवत होती.

अ‍ॅक्सेल नीगार्ड दोन वर्षांनी मुलीकडंच वारला. मरण्यापूर्वी त्यानं हेल्मीला एका ओळीचं कार्ड पाठवलं: बूच बंदच आहे ना? तिनं उत्तर दिलं नाही. सुलो निवृत्त झाला. त्याची शवपेटी त्याच बंबावरून नेली. आर्वो जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटची काही वर्षं तो गॅरेजात पाऊल टाकत नसे. हेल्मीनं एकतीस वर्षं गाड्या रंगवल्या आणि त्या पंचक्रोशीत तिच्या हाताला तोड नव्हती.

कॉम्प्रेसर अजून सहा मिनिटंच घेतो.

गॅरेज गरम व्हायला मात्र त्या ईस्टरनंतरच्या हिवाळ्यात छत्तीस मिनिटं लागली. त्यानंतर एकतीस. बर्चची लाकडं चांगली सुकली आहेत, असं हेल्मी आर्वोला सांगायची. एकदा तिनं फीत लावून गॅरेज मोजलं; लांबी-रुंदी होती तेवढीच भरली. काम बंद केलं त्या वर्षी नऊ मिनिटं लागली. तिनं शेगडी विझवली आणि सामान घरात आणताना गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार दुपारभर उघडं राहिलं.

या डिसेंबरला तिचा मुलगा आला. बूट काढता काढता म्हणाला, "आई, घर किती पटकन गरम होतं गं हल्ली. नवी भट्टी बसवलीस का?"

हेल्मीनं भट्टी बदललेली नव्हती. तिनं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खणात ठेवून दिलं.