दृष्ट हा आजार नव्हे

बस इथे, ओवी. दिवा राहू दे लावलेला. चष्मा काढायचा म्हणतेस, क्लिनिकची वेळही घेऊन आलीस, तर आता हे ऐकच. निहामावशीचं ऑपरेशन बिघडलं, एवढंच आम्ही तुला सांगत आलो. ते बिघडलं नव्हतं गं. सर्जनने त्याचं काम चोख केलं होतं.

ते २००८ साल. इथे परदेशात, क्रेगीबर्नला एकेका घरात पाच-सहा विद्यार्थी दाटीवाटीने राहायचे. तुझी ही मावशी, निहारिका, अकाउंटिंग शिकायला आली, ती मात्र हक्काने माझ्याकडे. अभ्यासात हुशार, पण चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढता. पुण्याच्या एका स्थळाने फोटो पाहून 'चष्मा जरा जाडच आहे' असं कळवलं आणि बाईसाहेबांनी लेझरचा हट्ट धरला. एका शनिवारी भाजीला म्हणून निघालो, वाटेत क्लिनिक लागलं, आत शिरलो.

सर्जन भला माणूस होता. डोळे कोरडे पडतील, अंधारात दिव्यांभोवती कडी दिसतील, सगळं नीट समजावलं. मग म्हणाला, बुबुळावरचा पडदा मुळातच कमजोर असला, तर लेझरनंतर तो पुढे फुगत जातो आणि नजर जाते. तुझा रिपोर्ट काठावरचा आहे, म्हणून पुन्हा विचारतो. घरात कुणाला डोळ्यांचा आजार?

"नो," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

आम्ही खोटं बोललो नव्हतो. तुझ्या आजीची धाकटी बहीण शैला, तिची नजर ऐन विशीत गेली. एक दिवस जिन्यावरून पडली आणि संपली. आम्ही तिला पाहिलंही नाही. पण तिला आजार कुठे होता? तिला दृष्ट लागली होती. घरात सगळे तेच म्हणायचे, आम्हीही तेच ऐकत मोठ्या झालो. आणि दृष्ट लागल्याचं कुणी डॉक्टरला सांगतं का?

ऑपरेशननंतर सुरुवातीला निहारिका इतकी खूश, की रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत चालायची. मग दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. ते तर सांगितलेलंच होतं, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

"ताई, आज संध्याकाळी स्टेशनवर दिवे लागले ना, तेव्हा तिथे एक बाई उभी होती."

"दिव्याखाली?"

"नाही... कड्याच्या आत."

बाईने कपाळावर आडवा हात धरलेला, उन्हातून लांबचं बघताना धरतात तसा. पुढे ती गल्लीतल्या दिव्यात दिसली, मग दारावरच्या. निहारिकाने घरातले दिवे लावणंच सोडलं. अक्षरं दुहेरी दिसायला लागली, कॉलेज सुटलं.

पुन्हा तपासणी झाली. पडदा फुगत चालला होता. "घरात खरंच कुणाला नव्हतं?" सर्जनने विचारलं. तेव्हा कुठे मी शैलामावशीचं सांगितलं. तो हळूच म्हणाला, हे आधी कळलं असतं, तर मी या डोळ्यांना हात लावला नसता. मी कार पार्कमध्ये जाऊन ढसाढसा रडले.

फोनवर आजीला त्या बाईचं सांगितलं, तर तिचा आवाजच बदलला. "शैला असाच हात धरायची गं... शेवटी शेवटी. आत्ताच्या आत्ता पोरीची दृष्ट काढ."

मी इंजिनिअर बाई. पण बुडत्याला काडीचा आधार. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत धरून निहारिकावरून उतरवल्या. स्पीकरवर आजी पुटपुटत होती, "आल्यागेल्याची, घरच्यादारची, जिची लागली असेल तिची दृष्ट जाऊ दे." मग सगळं तापल्या तव्यावर टाकलं. साध्या फोडणीला बोंबलणारा आपला स्मोक अलार्म... गप्प. मिरच्या काळ्याठिक्कर पडल्या. ना धूर, ना वास.

"ठसका लागला का?" आजीने विचारलं.

"नाही."

"अगं बाई... मग फार मोठी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी निहारिका पलंगावर शांत बसली होती. "ताई, कडी गेली."

"आणि ती?"

"तीही नाही दिसत. काहीच नाही दिसत. सगळं दुधासारखं पांढरं."

मी तिच्यासमोर बसले. तोंडातून आवाज फुटू दिला नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी गळत होतं. आणि ती हसली, कितीतरी महिन्यांनी. "रडू नकोस. तुझ्या बाहीला हळद लागलीय, ती धू आधी."

मी बाही पाहिली. लागली होती.

"तुला... कसं कळलं?"

"ती सांगते ना. तिला आता छान दिसतं."

तेवढ्यात तू दारात आलीस. तीन वर्षांची होतीस, आठवत नसेल तुला. निहारिकाने मान वळवून थेट तुझ्याकडे तोंड केलं. तू माझ्यामागे लपलीस आणि विचारलंस, "मावशी, व्हाय आर यू लुकिंग ॲट मी?"

"मी नाही गं, राणी," ती म्हणाली. "ती बघतेय... तुझे डोळे फार आवडले म्हणते."