उलट्या पिळाची गाठ

ऑपरेशन थिएटरला लागून असलेल्या विश्रांतीच्या खोलीत धड अशी एकच खुर्ची होती. त्या दुपारी तिच्यावर एक लांबलचक माणूस पाय पसरून बसला होता.

"उठा," ऑपरेशन आटोपून आलेली सर्जन म्हणाली. "माझी खुर्ची आहे."

"नाव कुठे लिहिलंय?"

तिने खुर्चीच्या लाकडी हाताकडे बोट दाखवलं. तिथे टाक्यांचा काळा धागा बांधलेला होता, आणि त्यावर ओळीने चाळीस-पन्नास गाठी. सर्जन लोकांना ही खोड असतेच. कपाचा कान दिसला तरी बोटं शिवशिवतात.

त्याने वाकून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सगळ्या उलट्या पिळाच्या... तुम्ही डावखुऱ्या?"

"हो. काही हरकत?"

"छे हो! उठतोच मी. डावखुऱ्यांशी वाकडं घेतलं की कोपर बरगडीत बसतं."

तो महिनाभरापूर्वी आलेला नवा सर्जन. उंचीमुळे अख्खं हॉस्पिटल त्याला जिराफ म्हणायचं, आणि तोही निमूट ओ द्यायचा. पुढे दोघं खुर्चीवर आळीपाळीने बसू लागले. चहा मात्र एकदमच व्हायचा. एक दिवस तो सहज म्हणून गेला, "तुझा चहा गार होतोय," आणि त्याने जीभ चावली. मग तिने चहा प्यायला, आणि 'अहो-जाहो' त्या दिवशी संपलं ते संपलंच.

अशात यकृत बदलण्याच्या नव्या तुकडीत जागा निघाली. एकच. अर्ज दोघांनी केले. तिने तर सहा वर्षं तोच ध्यास घेतलेला, लग्नाचं विचारणाऱ्या मावशीला ती सरळ सांगायची, "आधी यकृत, मग नवरा."

निवडीला चार दिवस उरले होते. तिने आदल्या दिवशी आतड्याचं ऑपरेशन केलेल्या, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई अचानक पांढऱ्याफटक पडल्या. पोटात रक्तस्राव! ती दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेली, हात सोडवणं शक्य नाही. जिराफाने पोट उघडलं, रक्त थांबवलं. बाई वाचल्या.

ती धावत विश्रांतीच्या खोलीत आली, तेव्हा तो ऑपरेशनची नोंद पुढ्यात घेऊन बसला होता. कागद कोरा.

"काय होतं आत?" तिने विचारलं.

"गाठ सुटली होती. रक्तवाहिनीवरची." तो तिच्याकडे बघेना. "उलट्या पिळाची."

खुर्ची समोर असून ती जमिनीवरच बसली.

"रक्तवाहिनी नाजूक होती, असंही लिहिता येईल," तो हळूच म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"तू बघितलंयस ना?"

"बघितलंय. म्हणून तर हात चालत नाहीये. तू मला आवडतेस... आणि ती जागाही मला हवीय. खरं लिहिलं तर तुझा पत्ता कापल्यासारखं होईल. खोटं लिहिलं तर—"

"—तर उद्यापासून मी तुझ्याबरोबर चहा पिणार नाही," ती म्हणाली. "लिही. गाठ सुटली. बांधणारी कोण, तेही लिही."

तो लिहीपर्यंत ती तिथेच थांबली. मग उठून बाईंच्या मुलीला भेटली.

"म्हणजे चूक तुमची?" मुलगी म्हणाली.

"हो. माझी."

मुलीने काचेतून झोपलेल्या आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई जागी झाली की तिलाही तुम्हीच सांगा." तिने सांगितलं.

निवड करणाऱ्या मोठ्या सरांनी नोंद वाचली. "पुढच्या वेळी परत अर्ज कर," इतकंच ते तिला म्हणाले. जागा जिराफाला मिळाली. आधी दोन वर्षं दुसऱ्या शहरात शिकायला जायचं होतं. त्या संध्याकाळी ती घरी ढसाढसा रडली. त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. सकाळी राउंडला मात्र वेळेवर हजर.

तो निघाला त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. लाकडी हातावर नवा धागा, आणि त्यावर वेड्यावाकड्या, गबाळ्या गाठी. सगळ्या उलट्या पिळाच्या.

"कुणी केला हा पराक्रम?"

"डाव्या हाताने केलाय," दारातून आवाज आला. त्याच्या हातात बॅग होती. "अकरा दिवस लागले. हसू नकोस."

तिने एकेक गाठ ओढून पाहिली. पहिली सुटली. दुसरी सुटली, तिसरीही. चौथी मात्र ओढ ओढ ओढली तरी हलेना.

"ही टिकली," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, ते तिने लपवले नाहीत. "मलाही तू आवडतोस, गाढवा."

"मग... एवढी एक पुरे?"

"मुळीच नाही. दोन वर्षं आहेत. रोज एक बांधायची. परत आलास की मी प्रत्येक गाठ ओढून बघणार आहे."