पिशव्यांची अदलाबदल

२०७१ साली मालवणच्या वाचनालयात "काय वाचू हो, बाई?" असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं. विचारायची गरजच काय? प्रत्येक सभासदाच्या चष्म्याच्या दांडीत डाळीच्या दाण्याएवढा संवेदक होता. वाचताना मेंदू कुठे खुलतो, कुठे कंटाळतो, हे तो टिपायचा. त्या नोंदींची जी रेघ तयार व्हायची, तिला म्हणत रुचिरेखा. नवी कादंबरी आली की वाचनालयाचं यंत्र तिला ज्याच्या त्याच्या रुचिरेखेशी ताडून बघायचं, आणि शंभरात सत्त्याण्णव वेळा शिफारस बरोबर निघायची!

ग्रंथपाल वसुधा तेंडोलकरांकडे उरलं होतं घरपोच पिशव्या भरणं, आणि दारातला फळा. 'यंदाच्या पाच नव्या कादंबऱ्या': रहस्य, भय, इतिहास, अंतराळ, प्रेम, प्रत्येकातली एक. बावीस वर्षं त्या स्वतः वाचून निवडत, स्वतःच्या अक्षरात लिहीत. आज तो फळा उतरवायचा होता. रुचिरेखेचा शोध लावणाऱ्या डॉ. अल्मास काझी त्यासाठी मुद्दाम आल्या होत्या.

"वाईट वाटून घेऊ नका. फळा सगळ्यांना एकच सांगतो, यंत्र ज्याचं त्याला सांगतं," डॉक्टर म्हणाल्या.

"माझा जीव आहे हो त्या फळ्यात!" बाई म्हणाल्या.

तेवढ्यात निवृत्त हवालदार भिकाजी परुळेकर पिशवी नाचवत आत शिरले. "ओ बाय, ह्यां काय धाडलास माका? खून नाय, चोरी नाय. सत्तरीतल्या दोघांचा लगीन!"

बाईंनी पिशवी हातात घेऊन पाहिली. इथे पिशवीवर नाव नसतं; जो तो घरच्या कापडाची शिवतो, आणि कापडावरून घर ओळखायचं. हवालदारांची आणि शेजारच्या तारामावशींची पिशवी एकसारख्याच पडद्याच्या कापडाची निघाली होती, आणि एकीची पुस्तकं दुसरीत गेली होती. झाली फजिती, तीही नेमकी आजच!

"चुकलं माझं. बदलून देते," बाई पुटपुटल्या.

"बदलून कित्याक? दोनदा वाचलंय. रडलंय पण." हवालदारांनी आवाज खाली आणला. "असला आणखी आसा काय? आणि ती तारामावशी माझो खून परत देयना!"

डॉक्टरांनी घाईघाईने हवालदारांची रुचिरेखा उघडली. यंत्र आलं तेव्हापासून सहा वर्षं एकाच चालीने गेलेली रेघ, आणि या पंधरवड्यात तिला एक नवी फांदी. मग त्यांनी इतरांच्या रेखा पाहिल्या. चारशे सभासद, आणि तारामावशींची ताजी फांदी सोडली तर सहा वर्षांत कुणाच्याच रेषेला वळण नाही.

"आम्हाला वाटायचं, यंत्र हुशार होतंय," त्या सावकाश म्हणाल्या. "तसं नाही, बाई. जे आवडतं तेच मिळत गेलं, म्हणून माणसं बदलायची थांबली. थांबलेल्या माणसाचा अंदाज कुणालाही बांधता येईल."

शेवटी त्यांनी स्वतःची रेखा उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. अठ्ठाविसाव्या वर्षीची अल्मास चौतिसाव्या वर्षी तशीच होती.

फळा दारातच राहिला. डॉक्टर त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "काय वाचू हो, बाई?"

"आधी तो चष्मा काढून ठेवा," वसुधाबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "आणि सांगा, हल्ली कशाने रडू येतं तुम्हाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या खुर्चीत बसल्या. सहा वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.